बुधवारी छापलेला शुक्रवारचा चमत्कार

माझी मुलगी कमळ पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ते साल १९९६. फाल्गुन महिना होता. नातवाच्या बारशाला मी अख्ख्या वेळूपाड्याला बोलावलं होतं. घुगऱ्यांचं मोठं पातेलं चुलीवर चढलं होतं. आणि पाळण्याजवळ माणसं किती? कमळ, तिची आई, मी आणि सुईण सकुबाई. बाकीचा गाव मारुतीच्या देवळापुढं होता, कारण त्या सोमवारी सकाळीच जीपमधून कागदबाबा उतरला होता.

"बारसं काय, परत करता येल," जाता जाता शेजारचा भिमा मला म्हणाला. "चमत्कार परत व्हनार हाय का?"

शेवटी घुगऱ्या झाकून मीही गेलो.

बाबाला बोलावलं होतं कोंबड्यांसाठी. महिनाभर पाड्यातल्या कोंबड्या मान वाकडी करून, गोल गोल फिरून मरत होत्या. भिमाच्या एकट्याच्या एकवीस गेल्या. डोळखांबच्या बाजारात कुणीतरी सांगितलं की मुरबाडच्या बाजूला एक बाबा आहे, त्याचा कागद बोलतो. पोलीस पाटील धाऊनं निरोप धाडला आणि बाबा आला. भगवी लुंगी, वर थंडीचं जाकीट, कपाळभर शेंदूर.

"देवी बोलेगी, कागद खोलेगी!" तो ओरडला. "जो छुपा है, वो छपा है!"

झोळीतून त्यानं एक कोरा कागद काढला. दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवला. धाऊनं हात लावून पाहिला, वासही घेतला आणि मान डोलावली. मग बाबानं डोळे फिरवत विचारलं, "माते, इस गाव में भुताळी है?" आणि तांब्यातलं पिवळं पाणी आंब्याच्या पानानं कागदावर शिंपडलं. बघता बघता कागदावर लालभडक अक्षरं उमटली: होय.

बायकांनी किंकाळ्या फोडल्या. दोन जणींच्या अंगात आलं. मालू नावाची एक फटकळ म्हातारी होती, ती तेवढी म्हणाली, "गो बाय, देवीचं अक्षर आमच्या तलाठ्यापरीस चांगलं हाय."

भुताळी, म्हणजे कोंबड्या खाणारी चेटकीण, गावात आहे एवढं कळलं. कोण, ते देवी शुक्रवारी दुपारी बारा वाजता लिहिणार होती. नाव जड असल्यामुळं देवीला चार दिवस लागतील, असं बाबा म्हणाला. तोवर देवीच्या शांतीसाठी रोगातून वाचलेल्या कोंबड्या जीपमध्ये ठेवायच्या होत्या. ठेवल्या. नाव निघालं की भुताळीनं तिसऱ्या दिवशी गाव सोडायचं, हेही तिथंच ठरलं. कोंबड्या घेऊन बाबाची जीप गेली, त्याचा एक माणूस मात्र रात्रीपुरता पाड्यात राहिला. घरोघर चहा पीत, कोण कुठं राहतं, कुणाच्या मागं कोण आहे, अशी चौकशी करत तो हिंडला आणि मंगळवारी पहिल्या एसटीनं गेला.

शुक्रवारी सकाळी निरोप आला. किन्हवलीजवळ जीपचा पाटा तुटलाय, कार्यक्रम रविवारी. लोक हिरमुसून घरी गेले.

आता शनिवारची गोष्ट सांगायची तर आधी माझी चूक सांगावी लागते.

मी अक्षरं शिकलो बावन्नाव्या वर्षी, साक्षरता वर्गात. आमच्या शाळेच्या मास्तरीण सरिताबाई शिकवायच्या. लहानपणी शिकलेला माणूस पेपर चाळतो. मला चाळता येत नव्हतं. पहिल्या अक्षरावर बोट ठेवायचं आणि शेवटच्या अक्षरावर उचलायचं. जाहिरात, तारीख, तळाची मुंगीएवढी ओळ, सगळं वाचायचं. आणि छापलेलं सगळं खरं, याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नव्हती. ज्या अक्षरांसाठी मी पन्नास वर्षं थांबलो, ती माझ्याशी खोटं बोलतील कशी? दर शनिवारी मी डोळखांबहून साप्ताहिक 'डोंगरी तोफ' आणायचो आणि देवळाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचो. ऐकायला वीस-पंचवीस माणसं असायची. मला त्याचा मोठा अभिमान होता.

त्या शनिवारी पहिल्याच पानावर आमच्या पाड्याचं नाव होतं. मी बोट ठेवलं.

"'वेळूपाडा, आमच्या वार्ताहराकडून. शुक्रवारी दुपारी ठीक बारा वाजता पाच हजार भाविकांच्या साक्षीने परमपूज्य कागदबाबा यांनी देवीचा कौल घेतला. गावातीलच एका वहीच्या कोऱ्या कागदावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत, देवीने स्वहस्ते भुताळीचे नाव लिहिले. सदर नाव...'"

मला शब्द एकदम दिसत नाही, अक्षरा-अक्षरानं येतो. "स," मी वाचलं. "कु." समोर सकुबाई बसली होती. नातवाला तेल लावून नुकतीच आली होती, हात अजून तेलकट होते. तोंड थांबवावं असं वाटेपर्यंत बोट पुढं गेलं होतं. "बा. ई."

मी पुढं वाचत राहिलो, कारण थांबलो असतो तर तिच्याकडं बघावं लागलं असतं. "'सदर महिलेने असंख्य कोंबड्या व दोन बैल खाल्ल्याचे समजते. कार्यक्रम उत्साहात पार पडला. शेवटी पोलीस पाटील धाऊ यांनी उपस्थितांचे आभार मानले.'"

"मी कवा आभार मानलं?" धाऊ म्हणाला.

मालू म्हणाली, "रे, पन कार्यक्रम तर झालाच नाय. देवीनं लिवलं कवा?"

इथं खरं तर सगळं संपायला हवं होतं. कार्यक्रम झाला नाही आणि बातमी छापून आली, एवढं शेंबड्या पोरालाही पुरलं असतं. पण भिमा उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं माझ्या हातातल्या पेपराला हात जोडले.

"अरे, म्हंजे देवीनं बाबाची वाटबी बघितली नाय! थेट पेपरात लिवलं!"

आणि सगळा ओटा गडबडून उठला. होण्याआधीच छापून आलेला चमत्कार! असा चमत्कार शहापूर-मुरबाडात कुणी बघितला होता? दहा मिनिटांत 'डोंगरी तोफ'चा अंक देवळात पाटावर बसला. त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. त्याच पानावर खाली सांडग्या मिरच्यांची आणि मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात होती. त्यांच्यावरही फूल पडलं.

मग लोक पेपराप्रमाणं गाव दुरुस्त करायला लागले. भिमा म्हणाला, "पेपरात पाच हजार हायेत, आमी सवादोनशे. पावनेपाच हजार मानूस कमी पडतंय." म्हणून आजूबाजूच्या पाड्यांना बोलावणी गेली. "बैल तर कुनाचेच मेले नाय," कुणीतरी म्हणालं. "मरतील," भिमा गंभीरपणे म्हणाला. "पेपरात आलंय." ज्यांच्याकडं बैल होते ते घरी पळाले. धाऊ आंब्याखाली एकटाच उभा राहून आभाराचं भाषण पाठ करू लागला.

सकुबाई घरी गेली होती. मी मागोमाग गेलो. कडी आतून लावलेली होती आणि दारात दोन-तीन धोंडे पडले होते. ते काही आपोआप आले नव्हते.

"वयनी," मी म्हणालो, "उघड."

"कशाला भावजी?" आतून आवाज आला. "तुजं बैल खाईन मी."

मग तिनं दार उघडलं. रडली नव्हती. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तो दोन खोल्यांचा कुडाचा संसार हेच तिचं जग. "सोमवारी ठरलं तसं, रईवारपासनं तिसऱ्या दिशी, बुधवारपावत जायाचं, म्हनत्यात," ती म्हणाली. "कुठं जाऊ? भावजी, तू वाचलंस. वाचताना मला इचारलंस का, वयनी, ह्ये खरं का?"

"छापलेलं हुतं, वयनी."

"मंग छापनाऱ्यानं इचारलं का?"

छापणाऱ्याला मी कधी बघितलं नव्हतं. पण पत्ता होता. अंकाच्या तळाशी ती मुंगीएवढी ओळ असते, ती दर आठवड्याला वाचणारा तालुक्यात मी एकटाच असेन. मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक संदेश अमुक यांनी शहापूर येथे छापून तिथेच प्रसिद्ध केले. मी दुपारची एसटी धरली.

'डोंगरी तोफ'चं कार्यालय एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत होतं. संदेशराव पस्तिशीचे, गोड माणूस. त्यांनी मला चहा मागवला.

"काका, कार्यक्रम शुक्रवारी, अंक शनिवारी," ते समजावून सांगू लागले. "छपाई बुधवारी होते. मग मी शुक्रवारची वाट कशी बघणार?"

"पण तुम्ही आलाच नाहीत."

"मी कुठेच जात नाही हो. अकरा वर्षं पेपर काढतोय. लोक मजकूर आणून देतात, आपण लावतो. कार्यक्रम उत्साहातच पार पडतात आणि शेवटी कोणीतरी आभार मानतंच. मागे एकदा क्रिकेटचे सामने रद्द झाले होते, तरी आपण विजेता संघ छापला. कोणाची तक्रार नाही. विजेते तर पेढे घेऊन आले."

"हा मजकूर कुणी दिला?"

"बाबांच्या माणसाने. मंगळवारी, नावासकट."

"देवी शुक्रवारी लिहिणार होती. मंगळवारी त्याला नाव कसं कळलं?"

संदेशरावांनी चहाचा कप खाली ठेवला. हा विचार त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच आला असावा, आणि तो त्यांना आवडलेला दिसला नाही. "हे बघा, खाली आम्ही स्पष्ट लिहितो. प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही."

"वाचलंय मी. त्या ओळीला चिकटून तुमचं नाव आहे."

"मग पुढच्या शनिवारी खुलासा घेऊ, बाईंची बाजू."

"बाई बुधवारी गावाबाहेर जाणार."

"अरेरे," ते मनापासून म्हणाले. "मग बुधवारची बातमी आत्ताच सांगून ठेवा. त्याच अंकात बसेल."

मी उठलो. सरिताबाई शहापुरातच राहायच्या, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "हा माणूस खुलासा शनिवारी छापेल, पण तिथे आला तर रविवारीच कबूल करेल. आणा त्याला."

"अकरा वर्षांत कुठं गेला नाय तो."

"सत्कार ठेवा, राघोदादा. शाल आणि नारळ म्हटल्यावर येतोच."

संध्याकाळी परत येऊन मी सकुबाईला हे सांगितलं. सोमवारी ती देवळाकडं आलीच नव्हती, म्हणून तिनं विचारलं, बाबा करतो तरी काय? मी सांगितलं. कोरा कागद, पिवळं पाणी, लाल अक्षरं. तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा ती हसली.

"पिवळं म्हंजे हळदच ना? भावजी, गेल्या साली तुजा घोटा मुरगळला, तवा मी काय लावलं?"

"हळद आणि चुना."

"रंग कसा झाला?"

मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. बायका रोज बघतात ते आम्ही सवादोनशे माणसांनी देवीच्या नावावर लिहिलं होतं. तिनं पानाच्या डबीतला चुना वाटीत कालवला, गढूळ खाली बसू दिला. वरची निवळी पाण्यासारखी स्वच्छ. काडीनं कागदावर रेघ ओढली, वाळली आणि दिसेनाशी झाली. वर हळदीचं पाणी शिंपडलं. लाल रेघ.

"आता सांग, उद्या देवीनं काय लिवायचं?" ती म्हणाली.

रविवारी मंडप भरला होता. पाच हजार नव्हते, पण सहाशे नक्की होते. संदेशराव सफारी घालून सरिताबाईंबरोबर आले. धाऊनं शाल घातली, नारळ दिला. पेपरवाला प्रत्यक्ष आला म्हणून लोक पाया पडायला लागले. भिमानं विचारलं, "साहेब, आमचं बैल वाचतील का?" संदेशराव पहिल्यांदा जरा घाबरले.

बाबानं झोळीत हात घातला. तेवढ्यात सरिताबाई उठल्या. "बाबा, पेपरात आलंय, गावातल्याच एका वहीचा कोरा कागद. तुमचा कशाला?" मी माझ्या साक्षरता वर्गाच्या वहीचा कागद पुढं केला.

"देवी का कागद अलग रहता है," बाबा म्हणाला.

"नाय नाय!" मंडप गरजला. "पेपरात लिवलंय! गावचाच कागद!"

बाबानं आपल्या माणसाकडं असं बघितलं की त्या माणसाची मान खाली गेली. बातमी भारदस्त व्हावी म्हणून ते वाक्य त्यानंच घातलं होतं. बाबानं कागद घेतला आणि देवीला दाखवतो म्हणून झोळीकडं वळला.

"डोळ्यांदेखत!" भिमा ओरडला. "पेपरात हाये, सर्वांच्या डोळ्यांदेखत!"

आता बाबाला वाट उरली नव्हती. कोऱ्या कागदावर काही उठणार नाही, मग देवी रुसली म्हणायचं, असं त्यानं ठरवलं असावं. त्यानं कंटाळल्यासारखं पाणी शिंपडलं.

कागदावर लाल अक्षरं उमटली.

सगळ्यात आधी घाबरला तो बाबा. कागद त्याच्या हातातून पडला, त्यानं दोन्ही कान धरले आणि "माते, माफ कर, माते!" म्हणत खरोखरच जमिनीवर डोकं टेकलं. आयुष्यभर चमत्कार विकले, खरा पहिल्यांदाच बघितला. कागद मी उचलला आणि सवयीप्रमाणं बोट ठेवून वाचला.

"सं. दे. श."

मग भिमा संदेशरावांकडं वळला. "म्हंजे कोंबड्या ह्यानं खाल्ल्या?"

"मी? अहो, मी शहापूरला असतो!"

"देवीनं लिवलंय!"

"कोणी लिहिलं? मला कोणी विचारलं का? माझा काय संबंध? चौकशी न करता माझं नाव घेता? माझी बदनामी होतेय, पोरंबाळं आहेत मला!" लोक पुढं सरकायला लागले तशी शाल अंगावरून घसरली. कुणीतरी त्यांचा दंड धरला. संदेशरावांचा आवाज चिरकला. "आधी खरं-खोटं तरी बघा!"

तेव्हा मंडपाच्या टोकाहून सकुबाई चालत आली. लोक बाजूला झाले.

"सोडा त्याला," ती म्हणाली. मग संदेशरावांसमोर उभी राहिली. "मी सकुबाई. तुमच्या पेपरातली. मलाबी कुनी इचारलं नवतं."

संदेशरावांनी तिच्याकडं बघितलं. ज्या नावाचे छपाईचे शिशाचे खिळे त्यांनी जुळवून लावले होते, ते नाव नाकाडोळ्यांचं, पांढऱ्या केसांचं, त्यांच्या आईच्या वयाचं निघालं. ते खाली बसले.

मग सरिताबाईंनी मालूच्या कमरेची पानाची पिशवी मागितली. चुना, निवळी, काडी, हळद, सगळं सगळ्यांसमोर केलं. "हळदीत चुना मिसळला की लाल होतं. देवीचा याच्याशी संबंध नाही. संदेश हे नाव राघोदादांनी लिहिलं. काल सकाळी जेवढं सकुबाईंचं खरं होतं, तेवढंच हे खरं." मालू म्हणाली, "अगो, ह्ये तर मी रोज दातांत बघते!" धाऊनं बाबाची झोळी उलटी केली. त्यातल्या कोऱ्या कागदांवर पाणी शिंपडलं. एकावर 'सकुबाई'. दोनांवर 'होय'. आणि एकावर 'भिमी'. आमच्या पाड्यात भिमी नावाची कुणीच नाही. ती पुढच्या गावची होती.

बाबाच्या माणसानं मग कबूल केलं. कोणती बाई एकटी राहते, कुणाच्या मागं भांडायला कुणी नाही, एवढंच तो बघायचा. धाऊनं दोघांना त्यांच्याच जीपमधून चौकीवर नेलं. जीपमध्ये दोनच कोंबड्या उरल्या होत्या, बाकीच्या कुणी खाल्ल्या ते विचारावं लागलं नाही. चार दिवसांनी जनावरांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, मानमोडीचा रोग आहे, लस टोचा.

संदेशराव त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाड्यात थांबले. वही काढून प्रत्येकाला नाव विचारलं, काय पाहिलं ते विचारलं. पण खुलासा लिहून वाचून दाखवला तेव्हा त्यात होतं, "सदर महिला भुताळी नसल्याचे समजते."

"समजते काढा," मी म्हणालो.

"काका, ती पद्धत आहे."

"ती पद्धतच काढा. आणि पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. आतल्या पानात नाय."

त्यांनी तसंच छापलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. 'कोणतीही चौकशी न करता, घटना घडण्याआधीच आम्ही हे वृत्त छापले. ते धादांत खोटे होते. सकुबाई यांची आम्ही माफी मागतो.' मी ते ओट्यावर वाचलं. तीनदा वाचलं. ऐकायला नऊ माणसं होती.

आणि हेच मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. खोटी बातमी एका दिवसात पाच पाडे फिरली. खरी नऊ माणसांपुढं अडली. दोन वर्षांनी म्हसा गावच्या जत्रेत एक अनोळखी माणूस मला म्हणाला, "तुमच्या वेळूपाड्यात ती बैल खानारी बाय हाये ना? पेपरात आलं हुतं." मी त्याला रस्त्यात उभं करून सगळी हकिकत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तसं असंल. पन छापतील का उगाच?" आमच्या पाड्यातल्याही दोन घरांनी सकुबाईला बाळंतपणाला पुन्हा बोलावलं नाही.

म्हणून सांगतो. बाबा खोटा असतो हे आता पुष्कळांना कळतं. पण छापलेला कागदही हळदीचं पाणी शिंपडून बघावा लागतो. कुणाचं नाव छापण्याआधी त्याच्या दारात जा, त्याला विचारा, मग लिहा. आणि जो वाचून दाखवतो त्यानंही नावापाशी बोट थांबवावं. हे खरं कशावरून? कुणी पाहिलं? कधी? एवढे तीन प्रश्न विचारायला फार शिक्षण लागत नाही. मी बावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो, हे प्रश्न त्यानंतर दोन वर्षांनी, आणि मधल्या काळात एका बाईचं घर जवळजवळ गेलं.

सकुबाई गाव सोडून कुठंही गेली नाही. २००४ सालच्या ऑक्टोबरात, भातकापणी चालू असताना, ती दम्यानं वारली. आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर. वय सत्तरच्या आसपास होतं.